रफार कुठे ठेवायचा?

२०११ च्या पावसाळ्यात एका जुन्या सीडीवरची फाइल मी उघडली. तिच्यात दिघाशीतल्या एका धवलारणीने सांगितलेला हळदीचा धवला असायला हवा होता. पडद्यावर दिसली ती रोमन अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरच्या खुणा आणि मधूनच डोक्यावर टिंबे असलेली कुठल्याशा युरोपीय भाषेतली अक्षरे. धवल्याचा एक शब्दही नव्हता.

आगरी लग्नात विधीगणिक धवले म्हणणारी बाई ती धवलारीण, हे ठाणे-रायगडकडच्या वाचकांना सांगायला नको. १९९४ पासून भिवंडीत माझे डीटीपीचे छोटे दुकान होते. दिवसा लग्नपत्रिका, मागवाल्यांची बिलबुके, शाळांच्या प्रश्नपत्रिका. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी दिघाशीच्या आसपासच्या गावांत जाऊन धवले उतरवून घेणे. आधी वहीत लिहायचे, मग दुकानातल्या संगणकावर टंकायचे. कॉलेज मी एका वर्षातच सोडलेले, त्यामुळे याला संशोधन म्हणतात हेही मला उशिराच कळले. २६ जुलै २००५ च्या पुरात दुकानात पाणी शिरले आणि खालच्या फळीवरच्या वह्यांचा लगदा झाला. सीड्या मात्र दिघाशीच्या घरी होत्या. सहा वर्षे मी निश्चिंत होतो.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे टंकलेले होते ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी एक ‘लॉक’ लावल्याशिवाय चालत नसे. ते लॉकही पुरात गेले होते. विकणाऱ्याकडे चौकशी केली तेव्हा नवी आवृत्ती विकत घ्या असे उत्तर आले. घेतली, तिला माझ्या जुन्या फाइली ओळखू आल्या नाहीत. नाव सांगत नाही, कारण त्या काळात हीच रीत होती आणि मीही गिऱ्हाइकांना तोच माल दिला होता.

या प्रकाराचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मराठीतली दोन दशकांची छपाई, त्यात बहुधा या अंकाचे जुने भाऊबंदही आले, याच अवस्थेत कुठे ना कुठे पडून आहे. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. त्या वेळच्या फॉन्टमध्ये फार तर २५६ घरे. त्या घरांत मुळात रोमन अक्षरे राहत होती. आपल्या फॉन्टवाल्यांनी त्यांना बाहेर काढून तिथे देवनागरीची चित्रे बसवली. मी ‘क’ टंकला असे मला वाटे. फाइलमध्ये जाई तो एखाद्या रोमन अक्षराचा आकडा. फॉन्ट आहे तोवर ‘क’ दिसे. फॉन्ट गेला की जुना भाडेकरू परत दारात उभा. शिवाय प्रत्येक कंपनीची घरांची वाटणी वेगळी. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने प्रसिद्ध केले होते. युनिकोडमधली देवनागरी तर इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. पण डीटीपीच्या दुकानात दोन्हींचा पत्ता नव्हता. आम्ही अक्षर टंकत नव्हतो, अक्षराचे चित्र चिकटवत होतो.

तेव्हा काम ठरले: प्रत्येक जुना आकडा काढून तिथे युनिकोडचा आकडा घालायचा. नेहमीच्या वर्ड प्रोसेसरमधल्या ‘शोधा आणि बदला’ने मी सुरुवात केली. दोन रात्रींत अक्षरे दिसू लागली आणि मी ‘कार्तिक’ या शब्दापाशी अडकलो.

चित्रे चिकटवताना डोळ्याला दिसतो तो क्रम लागतो. क, काना, मग पहिली वेलांटी, मग त, मग त्याच्या डोक्यावर रफार, मग क. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. क, काना, र, हलन्त, त, वेलांटी, क. म्हणजे वेलांटीला ‘त’च्या पुढे ढकलायचे आणि रफाराला ‘त’च्या मागे आणायचे. एका अक्षराची गोष्ट असती तर ठीक. ‘स्थिती’मधल्या पहिल्या वेलांटीला स् आणि थ दोन्ही ओलांडावे लागतात. ‘सर्वांना’मधला रफार काना ओलांडून मागे येतो. ‘ईर्ष्या’मधला तर काना, य आणि ष् असे तिघांना. साध्या ‘शोधा आणि बदला’ला हे सांगता येत नाही. त्याला फक्त याच्या जागी ते एवढेच कळते. मला सांगायचे होते ते असे: वेलांटी दिसली की पुढे पाहा, जितकी अर्धी अक्षरे असतील तितकी ओलांड, पहिले पूर्ण अक्षर आले की त्याच्यामागे तिला ठेव. ही सूचना होती, आणि सूचना समजणारे अवजार माझ्याकडे नव्हते.

ते शेजारच्या मुलाने आणून दिले. तो तेव्हा अभियांत्रिकीला होता. “काका, याला शिकवलं की करतं,” एवढेच म्हणून त्याने माझ्या संगणकावर लिनक्स घातले आणि त्यात ईमॅक्स नावाचा टेक्स्ट एडिटर. मराठीत संपादक म्हणावे तर या अंकाच्या संपादकांशी गल्लत होईल, म्हणून एडिटरच म्हणतो. वर्ड प्रोसेसर पान सजवतो: ठळक, तिरपे, समास. एडिटर फक्त मजकूर हाताळतो. ईमॅक्स दिसायला ओकाबोका. त्याच्या आज्ञा म्हणजे कंट्रोलचे बटण दाबून धरून बोटांची कसरत, आणि माझी करंगळी पहिला महिनाभर दुखत होती. हे सगळ्यांनी वापरावे असे मी म्हणणार नाही.

पण त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत डॅन मर्फी यांनी ‘टेको’ नावाचा एडिटर लिहिला, तो कागदी पट्टीवर भोके पाडून साठवलेला मजकूर दुरुस्त करण्यासाठी. त्याच्या आज्ञा इतक्या तुटक की आपले नाव आज्ञा म्हणून टंकायचे आणि मजकुराचे काय होते ते पाहायचे, असा खेळ लोक खेळत. लोक या आज्ञांचे गठ्ठे बांधून ठेवू लागले, म्हणजे एक कळ दाबली की दहा आज्ञा चालाव्यात. १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील आदींनी असे विखुरलेले गठ्ठे एकत्र केले. त्यातून ईमॅक्स झाला. स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये तो नव्याने लिहायला घेतला आणि १९८५ पासून सर्वांना खुला केला. आतल्या मूळ कोडसह, म्हणजे वापरणाऱ्याला उघडून बदलता येईल असा.

भिवंडीच्या माणसाला हे समजायला जड जात नाही. आमच्याकडे साध्या मागावर कोरे कापड निघते. काठाला बुट्टी हवी तर मागाच्या डोक्यावर डॉबी बसवतात. तिच्या लाकडी पट्ट्यांवर खुंट्या ठोकलेल्या असतात; जिथे खुंटी तिथे ताण्याचा धागा उचलला जातो. खुंट्या बदलल्या की नक्षी बदलते, माग तोच. फ्रान्समधल्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी केले. बहुतेक सॉफ्टवेअर म्हणजे खुंट्या आत झाकून वर पत्रा मारलेला माग. ईमॅक्सला पत्रा नाही. त्यातली जवळजवळ प्रत्येक आज्ञा लिस्प भाषेत लिहिलेली आहे आणि ती चालू असतानाच बदलता येते.

लिस्प ही जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये आखलेली भाषा. तिचे सगळे व्याकरण एका ओळीत मावते: कंस उघडा, आधी क्रियापद लिहा, मग ज्यांच्यावर क्रिया करायची ते लिहा, कंस बंद करा. आपण क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणारे, त्यामुळे सुरुवातीला उलट वाटते. शिवाय क्रियापदांची नावे इंग्रजी. पण मराठी टोपणनाव देण्याची सोय आहे. ते दिले की असे लिहिता येते:

(जोड "हळद" "कुंकू")

आणि ते चालते. मी माझ्या बहुतेक क्रियापदांची नावे मराठीच ठेवली आहेत. आकडे मात्र देवनागरीत चालत नाहीत. (+ २ ३) असे लिहून पाहिले तर ‘२’ नावाच्या वस्तूला काही किंमत दिलेली नाही अशी तक्रार येते. देवनागरी आकडा त्याला आकडा वाटत नाही, नाव वाटते.

मी प्रोग्रामर नाही, हे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. याबाबतीत स्टॉलमन यांनी २००२ मधल्या एका भाषणात सांगितलेली हकिकत मला फार आवडते. बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी १९७८ मध्ये मल्टिक्स या यंत्रणेसाठी लिस्पमध्ये ईमॅक्स लिहिला. त्यांच्या कचेरीतल्या सेक्रेटरी बायका तो वापरायला शिकल्या आणि आपल्या सोयीप्रमाणे त्यात भर घालू लागल्या. त्यांना दिलेल्या पुस्तिकेत हे कसे करायचे ते होते. याला प्रोग्रामिंग म्हणतात हे तेवढे लिहिलेले नव्हते. त्यामुळे त्या घाबरल्या नाहीत.

मला शिकवायलाही कोणी नव्हते. दिघाशीत तेव्हा इंटरनेट म्हणजे मोबाइल घेऊन गच्चीच्या एका कोपऱ्यात उभे राहणे. पण ईमॅक्सचे शिक्षण त्याच्या पोटातच असते. कंट्रोल दाबून एच, मग के, आणि मग कोणतीही कळ दाबली की ती कळ काय करते ते तो सांगतो. तिथूनच त्या आज्ञेचा मूळ कोडही बहुधा उघडता येतो. रॉबर्ट चॅसेल यांनी प्रोग्रामर नसलेल्यांसाठी लिहिलेले लिस्पचे एक सबंध पुस्तकही ईमॅक्सबरोबर मिळते. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते दीड वर्षात वाचले.

सुरुवात मात्र लिस्पने झाली नाही, मॅक्रोने झाली. एफ-३ दाबायचे, एकदा हाताने दुरुस्ती करून दाखवायची, एफ-४ दाबून थांबायचे. पुन्हा एफ-४ दाबले की तो तीच हालचाल करतो. नव्या कारागिराला एकदा करून दाखवावे तसे. ‘कार्तिक’ सुधारला, पण त्याच मॅक्रोने ‘स्थिती’ बिघडली, कारण मी हाताने एकच अक्षर ओलांडून दाखवले होते. इथे लिस्प लागली.

पहिल्या प्रयत्नात मी एक मोठी चूक केली. रफाराच्या जुन्या आकड्याच्या जागी आधी सरळ ‘र्’ घातला आणि मग नियम लिहिला: एखाद्या अक्षरामागे ‘र्’ आला तर त्याला त्या अक्षराच्या पुढे आण. ‘कमर्’ असे आलेले होते त्याचे ‘कर्म’ झाले. छान. एक ओळ चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी मी तीच आज्ञा त्याच फाइलवर पुन्हा चालवली. आता ‘कर्म’मध्ये त्याला ‘क’मागे ‘र्’ दिसला. कर्माचे ‘र्कम’ झाले, सूर्याचे ‘र्सूय’, आणि चौतीस धवले पुन्हा वाचता येईनासे झाले. ईमॅक्स केलेले सगळे मागे फिरवू देतो म्हणून वाचलो. तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. मूळ फाइल कधीच उघडायची नाही, तिची प्रत उघडायची. आणि वेलांटी व रफार यांना आधी देवनागरीत कुठेच येत नाही अशी तात्पुरती खूण द्यायची. जागेवर बसवले की खूण पुसली जाते. मग आज्ञा शंभरदा चालवा, खूणच उरलेली नसल्याने काही बिघडत नाही.

काही चित्रे अर्धीच असत. अर्ध्या ‘त’ला दंड जोडला की ‘त’, आणि तोच दंड पुन्हा जोडला की ‘ता’. म्हणजे दंड कधी अक्षराचा भाग, कधी काना. हे आधी सोडवावे लागते, नाहीतर वेलांटी ओलांडायला पूर्ण अक्षरच सापडत नाही. क्रम ठरवायला तीन आठवडे गेले. शेवटी उरल्या त्या चाळीसेक ओळी.

अक्षरे आली आणि मग मराठी आली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक आपल्याला शाळेत कळतो. युनिकोडमध्ये दऱ्यांचा हा र दोन प्रकारांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच. शोधयंत्राला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चेही तेच. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचे सगळे ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेले. आणि सूची करायला बसलो तर ‘काळ’ हा ‘काव’च्या आधी, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. ‘क्ष’ तर कौलांच्या मागे, क च्या घरात. ही कोणाची खोडी नाही. अनेक लिप्या एका आराखड्यात बसवताना असे होते. पण मराठी सूची मराठी क्रमाने लागावी ही गरज मराठी माणसाचीच, आणि ती भागवण्याची सोय अवजारात हवी. मी क्रमाची यादी लिहिली, ईमॅक्सला सांगितले की तुलना करताना आकडे पाहू नकोस, ही यादी पाहा. वीस ओळी.

मुळात ईमॅक्सला देवनागरी आली ती जपानमार्गे. त्सुकुबा इथल्या विद्युततंत्र प्रयोगशाळेत केनइची हांदा आणि सहकाऱ्यांनी जपानी-चिनी लिप्यांसाठी ‘म्यूल’ नावाची वाढीव आवृत्ती केली. ती १९९७ मध्ये ईमॅक्स २० मध्ये सामावली गेली. देवनागरीचा बराच कोड ताइची कावाबाता यांचा. रोमन कळांवरून देवनागरी टंकण्याच्या पद्धतींत अविनाश चोपडे यांची आयट्रान्सही आहे. २००९ च्या आवृत्तीपासून ईमॅक्स आतूनही युनिकोडवर चालू लागला, आणि २०२० मध्ये जोडाक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ या ग्रंथालयाकडे गेल्यावर पडद्यावरची मराठी खऱ्या अर्थाने सुबक झाली. २०२३ च्या आवृत्तीत तर मोडीही आली. मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ साली मिळालेली होती. आमच्या भागातली जमिनीची जुनी कागदपत्रे मोडीत आहेत, ती टंकायला मी अजून हात घातलेला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती. धवल्यांची भाषा आगरी. तीत ळ चा ल होतो, ण चा न. काळा नव्हे, काला. पाणी नव्हे, पानी. मी जसे ऐकले तसेच टंकले होते. नव्या अवजारांत हा मजकूर घातला की प्रत्येक ओळीखाली लाल रेघ येते, आणि फोनच्या कीबोर्डावर तर ‘पानी’ टंकून जागा सोडेपर्यंत ‘पाणी’ झालेले असते. माझ्या भाचीने हौसेने एक धवला फोनवर उतरवून मला पाठवला. गोड, शुद्ध मराठीत. तिला बदल कळलेही नव्हते. धवलारणीच्या तोंडची भाषा पुरात गेली नाही, सीडीत अडकूनही गेली नाही. ती अशी, मदत करायला आलेल्या हाताने गेली असती.

म्हणून मी उलटी यादी केली. पानी, काला, असे आगरी शब्द मी ईमॅक्सला शिकवले, सध्या सातशेच्या आसपास आहेत. ते तो फिक्या हिरव्या रंगात दाखवतो, बदलत नाही. कर्सर शब्दावर नेला की खालच्या ओळीत प्रमाण मराठी रूप दिसते आणि तो शब्द कोणत्या बाईकडून ऐकला तेही. ज्या ठिकाणी मीच टंकताना चुकून ‘पाणी’ लिहून गेलो होतो ती ठिकाणे तांबडी होतात. सत्तावीस निघाली. दुकानात दिवसभर प्रमाण मराठी टंकणारी बोटे रात्री फसत होती, हे मला पंधरा वर्षांनी माझ्याच फाइलीने दाखवले.

सगळे परत आले असे नाही. जुन्या फॉन्टच्या वरच्या घरांतले काही आकडे मधल्या कुठल्यातरी प्रोग्रामने प्रत करताना गाळून टाकले होते. गाळलेल्या आकड्याचा माग लागत नाही. तिथे शब्दच तुटलेला असतो. अंदाजाने भरता आले ते भरले आणि अंदाज आहे अशी खूण केली. चौदा जागा तशाच आहेत. त्या धवल्यांच्या दोन्ही बाया आता नाहीत. गेल्या मार्गशीर्षात एकीच्या नातीकडे गेलो. लॅपटॉप तिच्या ओटीवर ठेवला आणि एक कळ दाबून एकेका रिकाम्या जागेवर जात राहिलो. तिने म्हणून पाहिले. तीन जागा भरल्या. चौथीपाशी ती थांबली, पुन्हा सुरुवातीपासून म्हणाली, पुन्हा तिथेच थांबली. “आजी इथं हलू म्हनायची, नीट ऐकूच नाय यायचं,” ती म्हणाली. ते वाक्य मी त्या जागेच्या खाली टीप म्हणून टंकले. ‘हलू’ आणि ‘म्हनायची’ दोन्ही हिरवे झाले.